सहा नगांची ऑर्डर

गडाच्या माचीवरून खालचे गाव किती लांब असेल, याचा अंदाज आपल्याला सहज बांधता येतो. मधे झाडे असतात, शेते असतात, पायवाट असते, वाटेवरून जाणारे एखादे माणूस असते. नजर एकेक खूण ओलांडत जाते आणि हिशेब आपोआप मांडला जातो. समुद्रावर ही सोय नाही. तिथे पाण्याचा नुसता पसारा आणि त्याच्या कडेला एक जहाज. हवा स्वच्छ असली की ते जवळ वाटते, धुरकट असली की लांब. मुरलेला खलाशीसुद्धा अशा वेळी मैल-दोन मैलांनी फसतो.

शिडाच्या जहाजांच्या काळात याने फारसे अडत नसे. ट्रॅफल्गरच्या लढाईत, १८०५ साली, जहाजे एकमेकांना जवळजवळ घासून तोफा डागत होती. तिथे अंतर कोण मोजणार? पण एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा तोफेची नळी आतून पेचदार झाली, दारू सुधारली आणि गोळा कित्येक हजार यार्ड जाऊ लागला. तोफ लांब पल्ल्याची झाली, डोळा मात्र जुनाच राहिला. लक्ष्य किती दूर आहे हे ठाऊक नसेल तर तोफेचे तोंड किती उचलायचे हेही ठरवता येत नाही. कोट्यवधी रुपयांची युद्धनौका, आणि तिचा सगळा भरवसा कोणा अधिकाऱ्याच्या अदमासावर, अशी ती अवस्था होती.

ही अडचण ज्यांनी सोडवली ते दोघेही नौदलातले नव्हते. ते प्राध्यापक होते. त्यांनी काढलेली ‘बार अँड स्ट्राउड’ ही ग्लासगोची कंपनी पुढे जवळजवळ शंभर वर्षे जगभरच्या नौदलांचे डोळे घडवत राहिली. तिचा इतिहास वाचताना बुद्धिमत्तेच्या कौतुकापेक्षा एक साधा व्यवहारी प्रश्न अधिक सतावतो. असे कारखाने उभे राहतात ते कशाच्या बळावर, आणि ज्याच्या बळावर उभे राहतात त्याची किंमत त्यांना कशी चुकवावी लागते?

आल्डरशॉटचे अपयश

आर्चिबाल्ड बार यांचा जन्म १८५५ सालचा, स्कॉटलंडमधल्या पेझलीजवळचा. त्यांनी आधी कारखान्यात उमेदवारी केली, मग ग्लासगो विद्यापीठाची पदवी घेतली आणि पुढे लीड्सच्या यॉर्कशायर कॉलेजात ते एंजिनिअरिंग शिकवू लागले. विल्यम स्ट्राउड हे ब्रिस्टलचे, पाच वर्षांनी लहान, त्याच कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. एकाचा हात लोखंडावर बसलेला, दुसऱ्याचा प्रकाशावर.

१८८८ साली ‘एंजिनिअरिंग’ या नियतकालिकात ब्रिटनच्या युद्ध खात्याची एक जाहिरात आली. पायदळासाठी अंतर मोजणारे यंत्र हवे होते. दोघा प्राध्यापकांनी यंत्र तयार केले आणि १८८९ साली ते आल्डरशॉटच्या लष्करी तळावर चाचणीला नेले. तिथे ते पडले. पसंती मिळाली ती ‘मेकोमीटर’ नावाच्या दुसऱ्या यंत्राला. ते दोन माणसांनी दोन टोकांना उभे राहून, मधे दोरी ताणून वापरायचे असे. जमिनीवर हा प्रकार स्वस्त होता आणि चालण्यासारखाही होता. त्यापुढे प्राध्यापकांचे नाजूक यंत्र शिपायाच्या पाठीवर टिकणार नव्हते.

त्याच वर्षी बार यांना ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. दोघे दोन गावी झाले. गोष्ट इथेच संपली असती. विद्यापीठांच्या कपाटांत अशी कितीतरी यंत्रे धूळ खात पडलेली असतात.

पण १८९१ साली नौदल खात्याने त्यांना विचारणा केली. नौदलाची अडचण निराळी होती. भर समुद्रात दोरी ताणायला जागा कुठून आणायची? जहाज डोलते, समोरचे जहाज सरकते, आणि जे काही करायचे ते एकाच माणसाने काही क्षणांत करायचे असते. म्हणजे आल्डरशॉटला जे यंत्र फाजील नाजूक ठरले होते, त्याच जातीचे यंत्र समुद्रावर एकमेव उपाय ठरण्याची शक्यता होती. १८९२ साली ‘अरेथ्यूसा’ या युद्धनौकेवर त्याची चाचणी झाली. यंत्र पसंत पडले आणि नौदलाने ऑर्डर दिली. किती नगांची? फक्त सहा!

आज हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण सहा यंत्रे करायची म्हणजे प्रयोगशाळेतल्या एका नमुन्यावर भागत नाही. सहाही सारखी व्हावी लागतात. कारागीर लागतात, साचे लागतात, एकाचा भाग दुसऱ्याला बसावा लागतो आणि बिघडले तर दुरुस्त करून द्यावे लागते. त्या सहा नगांनी दोन प्राध्यापकांना कारखानदार केले. विद्यापीठाला लागून असलेल्या बायर्स रोडवर त्यांचे वर्कशॉप सुरू झाले. १९०४ साली ॲनिझलंड या उपनगरात खास बांधलेला कारखाना उभा राहिला, तेव्हा त्यात शंभर माणसे काम करत होती. स्ट्राउड यांनी १९०९ साली आणि बार यांनी १९१३ साली प्राध्यापकी सोडली. तोवर दोघेही शिकवत होते आणि कारखानाही चालवत होते.

एका विकलेचा खेळ

हे यंत्र होते तरी कसे? साडेचार फूट लांबीची एक आडवी नळी. तिच्या दोन टोकांना दोन खिडक्या आणि मध्यभागी डोळा लावायची जागा. डाव्या खिडकीतून आलेले चित्र आणि उजव्या खिडकीतून आलेले चित्र एकावर एक दिसत, एकाचा वरचा अर्धा भाग आणि दुसऱ्याचा खालचा. समोरच्या जहाजाची डोलकाठी मधोमध मोडल्यासारखी दिसे. बघणाऱ्याने एक चक्री फिरवायची. तिच्याबरोबर नळीतला एक पातळ लोलक मागेपुढे सरके. डोलकाठीचे दोन तुकडे सांधून ती सरळ दिसली की पट्टीवरचा आकडा वाचायचा. तेच अंतर. गणित येण्याची गरज नाही, मोडकी काठी जोडता आली की झाले.

तत्त्व शाळेतल्या भूमितीचे आहे. त्रिकोणाचा पाया आणि कोन ठाऊक असले की उंची काढता येते. इथे पाया साडेचार फुटांचा आणि उंची हजारो यार्डांची, म्हणजे त्रिकोण सुईसारखा निमुळता. तीन हजार यार्डांवरच्या जहाजाशी होणारा कोन जेमतेम १०३ विकला भरतो. एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे विकला. मोजण्यात एका विकलेची चूक झाली तर तीन हजार यार्डांवर सुमारे तीस यार्डांचा फरक पडतो. तो चालून जातो. पण अंतर पाचपट झाले, पंधरा हजार यार्डांवर गेले, की तीच एक विकला सातशे यार्डांहून अधिक चुकवते. अंतर पाचपट तर चूक पंचवीसपट!

या एका विकलेपायी कंपनीच्या कारागिरांची सारी कसोटी लागे. नळीच्या एका बाजूला ऊन लागले तरी ती किंचित वाकते आणि हिशेब बिघडतो. म्हणून भिंगे आणि लोलक धरणारा आतला सांगाडा बाहेरच्या नळीपासून वेगळा ठेवावा लागला. जहाजाचा हादरा, खारी हवा, थंडी या सगळ्यांशी झगडत यंत्र सुधारत गेले. वर माचीवर मोजलेले अंतर खाली तोफांपर्यंत विजेच्या तारेने पोचवणारी उपकरणेही कंपनीने केली, कारण मोजलेला आकडा गोलंदाजाला वेळेत कळला नाही तर मोजून उपयोग काय?

दोन्ही बाजूंचे गिऱ्हाईक

सहा-सहा नगांच्या मागणीवर कारखाना चालत नाही. ब्रिटिश नौदल शांततेच्या काळात हात राखून खर्च करत असे. तेव्हा कंपनीने परदेशी गिऱ्हाईक शोधले. जपान हे त्यातले आरंभीचे आणि मोठे गिऱ्हाईक. २७ मे १९०५ रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत ॲडमिरल टोगोंच्या आरमाराने रशियाचे आरमार बुडवले, तेव्हा टोगोंच्या ‘मिकासा’ या नौकेवर ग्लासगोचे यंत्र होते. लढाईला तोंड फुटले ते सहा-सात हजार मीटरांवरून. आशियातल्या एका देशाने युरोपीय सत्तेचा असा पराभव केल्याच्या बातमीने त्या वेळी हिंदुस्थानात केवढा आनंद झाला होता, हे इतिहासाच्या वाचकांना सांगायला नको.

पण या बातमीत एक तळटीप राहून जाते. बुडालेल्या रशियन ताफ्यातही याच कंपनीची यंत्रे होती. दोन्ही भांडणाऱ्या शेजाऱ्यांना एकाच दुकानातून तराजू गेला होता. मग फरक पडला तो कशाने? टोगोंच्या गोलंदाजांनी महिनोन्‌महिने सराव केला होता. रशियन ताफा अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून, अठरा हजार सागरी मैल तोडून, दमलेला आणि कमी सरावाचा असा तिथे पोचला होता. यंत्र आकडा देते, पण तो वापरायला हात तयार लागतात. यंत्रे विकत घेणाऱ्या सर्वांनी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

जपानने यातून आणखी एक धडा घेतला. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारी प्रकाशीय उपकरणे दुर्मिळ झाली, तेव्हा १९१७ साली ‘निप्पॉन कोगाकु’ ही कंपनी उभारण्यात आली. नौदलासाठी दुर्बिणी आणि अंतरमापक देशातच व्हावेत, हा तिचा उद्देश. या कंपनीला आज आपण ‘निकॉन’ म्हणून ओळखतो. आपल्याकडच्या लग्नसमारंभांत दिसणाऱ्या कॅमेऱ्याची वंशावळ अशी युद्धनौकेच्या माचीवर जाऊन पोचते.

ब्रिटनही या बाबतीत पुरता स्वावलंबी नव्हता. भिंगांसाठी लागणारी उत्तम काच मोठ्या प्रमाणावर जर्मनीतल्या येना गावाहून येई. १९१४ साली युद्ध पेटले आणि शत्रूच पुरवठादार असल्याचे ध्यानात आले. १९१५ साली दुर्बिणींची इतकी चणचण झाली की ब्रिटिश सरकारने स्वित्झर्लंडमार्फत चक्क जर्मनीकडेच त्या मिळतात का याची चौकशी केली. ही दंतकथा नाही, ब्रिटनच्या युद्धसामग्री मंत्रालयाच्या अधिकृत इतिहासातच तशी नोंद आहे.

जटलंडचा हिशेब

३१ मे १९१६. उत्तर समुद्रात, डेन्मार्कच्या जटलंड किनाऱ्यासमोर ब्रिटिश आणि जर्मन आरमारांची गाठ पडली. पहिल्या टप्प्यात ॲडमिरल बीटींच्या बॅटलक्रूझरनी सुमारे पंधरा-सोळा हजार यार्डांवरून मारा सुरू केला, आणि त्यांचे सुरुवातीचे बहुतेक गोळे जर्मन जहाजांच्या डोक्यावरून पलीकडे पडले. अंतर प्रत्यक्षाहून बरेच जास्त धरले गेले होते. या जहाजांवर बहुतांशी नऊ फुटी यंत्रे होती. भूमितीचा हिशेब वर दिलाच आहे. नऊ फुटांच्या पायावर त्या अंतराला एका विकलेची चूक साडेतीनशे यार्डांहून अधिक भरते. भरीला संध्याकाळचा प्रकाश ब्रिटिशांच्या पाठीमागे होता. जर्मनांना त्यांची जहाजे उजळ आकाशावर रेखल्यासारखी दिसत, तर जर्मन जहाजे पूर्वेच्या धूसरात हरवत.

जर्मनांकडे झाइसची यंत्रे होती. त्यांची पद्धत वेगळी. दोन्ही डोळ्यांनी बघायचे आणि खोलीचा अंदाज घेत खूण लक्ष्यावर टेकवायची. मोडकी काठी जोडायला मुळात काठी दिसावी लागते, झाइसच्या यंत्राला धुराचा ढगही चालत असे. पण त्यासाठी असामान्य नजरेची माणसे निवडावी लागत आणि ती थकली की आकडेही थकत. ब्रिटिश ताफ्यातल्या नव्या ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्गाच्या नौकांवर मात्र पंधरा फुटी यंत्रे बसवलेली होती, आणि त्यांचा नेम जर्मनांनाही जाणवला.

त्या दिवशी ‘इंडिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या तीन ब्रिटिश नौका स्फोट होऊन बुडाल्या आणि त्यांच्यावरची तेहतीसशेहून अधिक माणसे गेली. दारूगोळा हाताळण्यातली बेफिकिरी हे या स्फोटांचे मोठे कारण मानले जाते, त्याचा दोष अंतरमापकाच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. पण नऊ फूट पुरे की पंधरा फूट हवेत, हा वाद त्या दिवसानंतर नुसता खर्चाचा राहिला नाही. पुढे बांधलेल्या ‘हुड’ या अजस्र नौकेवर तीस फुटी यंत्रे बसली. ‘हुड’ बांधली गेली क्लाइडबँकला, म्हणजे ॲनिझलंडपासून काही मैलांवर.

शांततेची वर्षे

१९१८ साली युद्ध थांबले आणि कंपनीवर खरे संकट आले. हजारो हात कामाला लागलेले, आणि गिऱ्हाईक एकदम नाहीसे. ज्याच्या सहा नगांवर कारखाना उभा राहिला, त्यानेच पाठ फिरवली तर जायचे कुठे?

या काळात कंपनीने जे जे केले ते वाचून गंमत वाटते आणि थोडे गलबलूनही येते. तिने मोटरसायकलची इंजिने केली. लोकांसाठी दुर्बिणी केल्या. आणि एक विलक्षण यंत्र केले, ‘ऑप्टोफोन’. फूर्निए डाल्ब या शास्त्रज्ञाची ही कल्पना. छापील ओळीवर प्रकाश टाकायचा, अक्षराच्या आकाराप्रमाणे परत येणारा प्रकाश सेलेनियमवर पाडायचा, आणि त्यातून निघणारे सूर अंध माणसाने कानाने ऐकून अक्षर ओळखायचे. साधे छापील पुस्तक, ब्रेलशिवाय! मेरी जेम्सन या अंध तरुणीने १९१८ साली त्याचे प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हा मिनिटाला एक शब्द वाचता आला. बार अँड स्ट्राउडने ते यंत्र सुधारून बनवले आणि पुढच्या यंत्रांवर काही निवडक वाचकांना मिनिटाला साठ शब्दांपर्यंत मजल मारता आली. पण शिकायला अवघड आणि महाग. थोडीच यंत्रे झाली, धंदा झाला नाही.

माणूस मारायला मदत करणाऱ्या यंत्राला गिऱ्हाईक मिळते आणि आंधळ्याला वाचायला मदत करणाऱ्याला मिळत नाही, असे म्हणून हळहळणे सोपे आहे. पण हा दोष कारागिरांचा नव्हता. हात तेच होते, काच तीच होती. ऑप्टोफोनच्या मागे पहिले काही नग घेऊन ते वापरून बघणारे, चुका दाखवणारे आणि पुन्हा मागणी करणारे सरकारी खाते नव्हते, एवढाच फरक.

दुसरे महायुद्ध आले आणि ॲनिझलंडची यंत्रे पुन्हा दिवसरात्र फिरू लागली. ब्रिटिश नौदलाच्या टेहळ्यांच्या गळ्यात याच कंपनीची सात बाय पन्नासची दुर्बीण असे. पाणबुड्यांचे पेरिस्कोप कंपनी पहिल्या युद्धापासूनच करत आली होती, ते आता तिचे मुख्य काम झाले. पण ज्या यंत्राने नाव मिळवून दिले त्याचे दिवस भरत आले होते. २६ डिसेंबर १९४३ रोजी, आर्क्टिकच्या अंधारात, ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ने जर्मनीच्या ‘शार्नहोर्स्ट’ला गाठून बुडवले ते रडारच्या जोरावर. रडारला ना डोलकाठी लागते, ना उजेड. एका विकलेसाठी पन्नास वर्षे चाललेली झटापट एका रात्रीत जुनी झाली.

काय उरले?

कंपनी मात्र संपली नाही. अंतर मोजण्याची विद्या तिने लेसरवर नेली. ब्रिटनच्या ‘चीफटन’ रणगाड्यासाठी लेसरचे अंतरमापक तिने केले, पुढे उष्णतेवरून अंधारात चित्र दाखवणारी उपकरणेही केली. पण मालकी बदलत गेली. १९७७ साली ती काचेच्या धंद्यातल्या पिल्किंग्टनकडे गेली. १९९२ साली काम ॲनिझलंडहून क्लाइडकाठच्या लिंटहाउसला हलले. नवे शतक उजाडताना ती फ्रेंच मालकीची झाली, आज तिच्यावर ‘थालेस’ची पाटी आहे. ब्रिटनची ‘अस्त्यूट’ ही अणुपाणबुडी २०१० साली नौदलात आली, तेव्हा तिच्यात डोळा लावून बघायचा पेरिस्कोप उरलाच नव्हता. त्याच्या जागी पडद्यावर चित्र पाठवणारी डोलकाठी होती, आणि ती घडवणारे ग्लासगोतले याच परंपरेचे वारसदार होते. ॲनिझलंडच्या जुन्या कारखान्याच्या जागी आता सुपरमार्केट आहे. ‘बार अँड स्ट्राउड’ ही नाममुद्राही दुसऱ्याच एका व्यापारी कंपनीने दुर्बिणींवर लावली.

आपल्याला या गोष्टीशी काय देणेघेणे? आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या. पहिली नौदलात २०१७ साली दाखल झाली, सहावी ‘वागशीर’ २०२५ साली. त्यांचा मूळ आराखडा फ्रेंच. पोलाद कापणे, सांधणे, पाण्यात उतरवणे हे आपले हात उत्तम करतात. देहरादूनला प्रकाशीय उपकरणांचा सरकारी कारखाना १९४३ पासून आहे. आणि आपल्या एंजिनिअरिंग कॉलेजांत, विज्ञानसंस्थांत, कपाटात एखादे धडपडते यंत्र ठेवून बसलेले प्राध्यापक नाहीत असे कोण म्हणेल?

अशा प्राध्यापकाला आपण काय देतो? शाल देतो, श्रीफळ देतो, वर्तमानपत्रात फोटो छापतो. फार झाले तर संशोधनासाठी अनुदान देतो. ब्रिटिश नौदलाने बार आणि स्ट्राउड यांना यातले काही दिले नाही. त्यांचे आधीचे यंत्र लष्कराने नाकारले होते, तरी त्यांना बोलावले. आपली अडचण नेमकी काय आहे ते सांगितले. यंत्र जहाजावर नेऊन, लाटांत डोलवून पाहिले. आणि मग पैसे मोजून सहा नग मागवले. जपानने त्याच दुकानातून खरेदी केली आणि वेळ येताच आपले दुकान काढले. दोन्ही ठिकाणी सुरुवात झाली ती मागणी नोंदवण्यापासून.

अपयशी ठरलेल्या यंत्राच्या कर्त्याला दुसऱ्यांदा बोलावण्याची आणि सहाच का होईना, पण खरी मागणी नोंदवण्याची तयारी आपल्या किती खात्यांत आहे, हे आता त्या त्या खात्यानेच आपल्याशी तपासून पाहावे.